घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचंय, बजेट ४५ हजार, नाशिक. काय घेऊ आणि शिकू कसं?

पाथर्डी_फाटा:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते म्हणजे परत परत विचारायला नको. सहा वर्षं बंगळुरूला होते, तिथे ऑफिसच्या खालीच कॅफे होता आणि सकाळी उभ्याउभ्या एक एस्प्रेसो प्यायची सवय लागली ती लागलीच. आता गेल्या दिवाळीपासून आम्ही कायमचे नाशिकला आलोय, पाथर्डी फाट्याला राहतो, मी घरूनच काम करते. गंगापूर रोड, कॉलेज रोडला चांगले कॅफे आहेत पण माझा पहिला कॉल साडेसातला असतो, तेव्हा तिकडे कोण जाणार.

सध्या घरी मोका पॉट आहे आणि पोरओव्हरसाठी (वरून पाणी ओतून गाळायच्या कॉफीसाठी) घेतलेला एक हॅन्ड ग्राइंडर आहे. मोकाची कॉफी कडक होते, आवडतेही, पण तो दाटपणा आणि वरचा सोनेरी थर येत नाही. घरात मी काळी पिणारी, नवऱ्याला कॅपुचिनो लागते, सासरे पक्के चहावाले पण रविवारी "दे बाई तुझी कॉफी" म्हणतात. म्हणजे दिवसाला तीन कप धरा.

आता प्रश्न. गावातल्या एका दुकानात दोन मशिनी दाखवल्या, एकावर १५ बार लिहिलंय एकावर २०, आणि दुकानदार म्हणाला जितके बार जास्त तितकी कॉफी भारी. हे खरंय का? दुसरं, ग्राइंडर आत बसवलेलं मशीन घ्यावं की वेगळा? आणि मामेभाऊ अमेरिकेत आहे, डिसेंबरमध्ये येतोय, तो म्हणतो इकडे स्वस्त पडतं, आणू का. बजेट सगळं धरून ४५ हजार, त्यापुढे खरंच नाही जमणार.

गंगापूररोडवाला:
ताई, तुम्ही योग्य वेळी विचारलंत, मी आधी मशीन घेतलं आणि मग वर्षभर वाचत बसलो.

बारचं आधी सांगतो कारण त्यात सगळं येतं. बार म्हणजे दाब मोजायचं माप, एस्प्रेसोला लागतात साधारण ९ बार. १९४०च्या दशकात मिलानच्या आकिले गॅगियाने स्प्रिंगचा दांडा असलेलं मशीन आणलं, त्याच्या आधी नुसत्या वाफेवर कॉफी निघायची, दाब दीड-दोन बारच्या वर जायचा नाही आणि वर क्रेमा, म्हणजे तुम्ही म्हणता तो सोनेरी थर, नसायचा. तुमच्या मोका पॉटचंही तेच, तिथे दाबच एक-दोन बार. मग १९६१ला फाएमा कंपनीचं ई६१ आलं, त्यात मोटरचा पंप सतत ९ बार देत होता आणि तिथून हा आकडा पक्का झाला. तुमच्या दुकानात खोक्यावर जे १५ नि २० लिहिलंय तो पंपाचा कमाल जोर आहे, म्हणजे पुढची वाट पूर्ण बंद केली तर पंप किती ढकलू शकतो तो. कपात त्याचा काही फायदा नाही. चांगल्या मशीनमध्ये उलट जादाचा दाब सोडून द्यायला व्हॉल्व बसवलेला असतो.

आणि आता मुख्य गोष्ट, ही कळायला मला एक वर्ष लागलं. दाब मशीन देत नाही. मशीन फक्त पाणी ढकलतं. कॉफीची पूड ते पाणी अडवते, म्हणून दाब तयार होतो. पूड जाड असेल तर पाणी सरळ धो धो वाहून जाणार, मग पंप वीसचा असो की पन्नासचा, दाब बनणारच नाही. म्हणून पैसा आधी ग्राइंडरवर, मग मशीनवर. तुमचा पोरओव्हरचा ग्राइंडर बहुतेक इथे चालणार नाही, कारण दळण जाड-बारीक करायच्या त्याच्या दोन क्लिकमधलं अंतर मोठं असतं. एका क्लिकवर कॉफी धबधब्यासारखी येते आणि त्याच्या आतल्या क्लिकवर थेंब पडत नाही, मधलं तुम्हाला हवं असतं आणि ते त्या ग्राइंडरमध्ये नसतंच. एस्प्रेसोसाठी बनवलेला हॅन्ड ग्राइंडर घ्या, वनझीप्रेसोच्या जे-अल्ट्रासारखा, त्यात एका क्लिकला ८ मायक्रॉन फरक पडतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). किनग्राइंडरच्या के६ मध्ये १६ पडतो, तोही चालतो. तीन कपांना हाताने दळणं काही जड नाही, एका कपाला मिनिटभर.

ग्राइंडर आत असलेलं मशीन मी तरी नाही सुचवणार. दोनातलं एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातात, आणि उद्या ग्राइंडर बदलावासा वाटला तर सुटा करता येत नाही.

अंबड_मेंटेनन्स:
मी मशीनवाला माणूस आहे, एमआयडीसीत पंप, हीटर, बॉयलर हेच काम करतो, घरी गेली चार वर्षं एस्प्रेसो करतो. वरच्या दादांनी दाबाचं अगदी बरोबर सांगितलंय, त्यात एवढंच घालतो की ९ बार म्हणजे ९० मीटर उंच पाण्याचा दाब. तुमच्या सोसायटीची टाकी सातव्या मजल्यावर असेल तर तळमजल्याच्या नळाला जेमतेम दोन बार मिळतात, यावरून अंदाज करा त्या चिमूटभर पुडीवर किती जोर येतो, आणि पूड एका बाजूला जरी पोकळ राहिली तरी पाणी तिथूनच फुटणार.

ताई अमेरिकेतून अजिबात आणू नका, हात जोडून सांगतो. तिकडची मशीन ११० व्होल्टची, आपल्याकडे २३०. हीटर क्षणात जाईल. ट्रान्सफॉर्मर लावा म्हणतील, पण हे मशीन तेराशे-चौदाशे वॉट खातं, तेवढ्याचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे किचन ओट्यावर एक जड धूड आणि पैसे वाचले कुठे. शिवाय तिकडे ६० हर्ट्झ आणि इकडे ५०, यातला छोटा पंप करंटच्या ठोक्यावरच चालतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लावूनही तो पंप तिकडच्यासारखा चालणार नाही. भावाला सांगा कॉफी बीन्स आण, मशीन इथेच घेऊ.

१६ अँपिअरचा सॉकेट द्या, एक्स्टेन्शन बोर्डवर मिक्सर आणि हे एकत्र लावू नका. घरच्या इन्व्हर्टरवरही नको, लाईट गेली की थांबायचं.

आता पाणी. नाशिकला महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, ते ठीक असतं, पण पाथर्डी फाटा बाजूच्या बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं मिसळतात आणि ते जड असतं. तुमच्या गिझरची कॉइल कधी काढली असेल तर पांढरा थर बघितलाच असेल, तोच थर या मशीनच्या बारीक नळ्यांत बसतो आणि एक दिवस पाणी येणंच बंद होतं. मग लोक म्हणतात सरळ आरओचं घाला. आरओचं पाणी क्षार सोडत नाही हे खरं, पण कॉफी बेचव, पातळ लागते, कारण कॉफीतली चव ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतातच. स्पेशालिटी कॉफीवाले टीडीएस, म्हणजे पाण्यात एकूण विरघळलेले क्षार, १५० च्या आसपास धरतात, ७५ ते २५० चालतं. मी आरओचं आणि नळाचं मिसळतो, मीटरवर शंभर-सव्वाशे आलं की बास. एक लक्षात घ्या, टीडीएस मीटर एकूण विरघळलेलं सांगतो, त्यात थर धरणारे क्षार किती ते सांगत नाही. म्हणून केटलमध्ये तेच पाणी महिनाभर उकळून बघा, पांढरं धरत असेल तर आरओचं प्रमाण वाढवा.

कपभर:
माझं मत थोडं वेगळं आहे. दुधाची कॉफी फक्त एकाच माणसाला लागत असेल तर हाताच्या दांड्याचं मशीन बघा, फ्लेअर वगैरे. त्यात वीज नाही, पंप नाही, बिघडायला काही नाही, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि दांडा दाबायचा, दाब हाताला कळतो. मी तीन वर्षं तेच वापरतेय आणि हाताला जे कळलं ते कुठलं बटन दाबून कळलं नसतं. दुधाला फेस मात्र वेगळ्याने करावा लागतो. तुमच्या घरी रोज कॅपुचिनो आहे म्हणून आग्रह नाही करत, पण माहीत असावं.

गंगापूररोडवाला:
कपभर ताईंचं पटतं, पण सकाळी साडेसातच्या कॉलच्या आधी दोघांचं करायचंय तर दुधाला स्टीम हवीच.

४५ मध्ये मी असं केलं असतं, डेलाँगीची डेडिका आणि वर म्हटला तसला ग्राइंडर. गॅगिया क्लासिक जास्त दणकट, पूड भरून मशीनला लावायचं ५८ एमएमचं हँडल, सगळं उघडून दुरुस्त करता येतं, पण ती घेतली तर ग्राइंडरला फारसं उरत नाही आणि मग सगळंच अडतं. डेडिकाचं हँडल ५१ एमएमचं आहे, तिच्याबरोबर येते ती दुहेरी भिंतीची प्रेशराइज्ड बास्केट, म्हणजे हँडलमधली पुडीची वाटी, खाली एकच बारीक भोक. ती कशीही पूड घातली तरी फेस आणते, पण तो फेस त्या भोकाने केलेला, पुडीने नाही. पहिले चार दिवस वापरा, मग ५१ एमएमची साधी एकेरी भिंतीची बास्केट आणि खालून उघडं हँडल मागवा. उघड्या हँडलमधून खालची कॉफी दिसते, कुठून पाणी फुटतंय ते लगेच कळतं.

पाथर्डी_फाटा:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. भावाला नको सांगितलं. डेडिका आणि के६ ऑर्डर केलं, उघडं हँडल आणि बास्केटही. आल्यावर लिहिते.

पाथर्डी_फाटा:
तीन आठवड्यांनी परत आलेय आणि मनातून खट्टू झालेय. प्रेशराइज्ड बास्केटमध्ये बरी होत होती. साधी बास्केट लावल्यापासून बारा-तेरा सेकंदात कप भरतो, रंग फिका, आणि चव इतकी आंबट की लिंबू पिळल्यासारखी. मग रागाने एकदम खूप बारीक दळलं तर एक थेंब पडेना आणि मशीन नुसतं घुरघुरत राहिलं. बीन्स मॉलमधले आहेत, पाकिटावर रोस्ट केल्याची तारीख नाही, फक्त बेस्ट बिफोर आहे. पाव किलो संपत आलं. नवरा काही बोलत नाही पण चहा करून घेतो. माझं नक्की काय चुकतंय?

गंगापूररोडवाला:
ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, तुम्ही दोन टोकं बघितलीत, आता मधलं शोधायचंय. सगळ्यांना यातून जावं लागतं.

पहिलं, बीन्स बदला. तारीख नसलेलं पाकीट म्हणजे कधी भाजलं ते कोणालाच माहीत नाही, जुन्या बीन्समधला वायू उडून गेलेला असतो, ते पाणी अडवत नाहीत आणि क्रेमा धरत नाहीत. ज्यावर रोस्टची तारीख आहे असे घ्या, भाजल्यापासून आठ-दहा दिवस थांबा आणि महिन्याभरात संपवा. अगदी दोन दिवसांपूर्वीचे ताजे वापरले तर वायू इतका असतो की नुसता फेस उसळतो. सुरुवातीला मीडियम डार्क घ्या, चिकमगळूर किंवा कूर्गचे, थोडा रोबस्टा (कॉफीची कडक जात) मिसळलेला असेल तरी चांगलं, क्रेमा दाट येतो. फार हलके भाजलेले बीन्स आत्ता नकोत, त्यातला आंबटपणा ताब्यात आणायला हात बसावा लागतो. आणि फिल्टर कॉफीची चिकोरी घातलेली पूड या मशीनमध्ये कधीच नाही, चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते आणि बास्केटची छिद्रं बुजवते. डबा घट्ट झाकणाचा, ओट्यावर, फ्रिजमध्ये नको, तिथे लसणाचा वास लागतो.

दुसरं, वजन करा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या. सराफ बाजारात वापरतात तसला खिशातला डिजिटल काटा मी घेतलाय आणि चार वर्षं तोच चाललाय. १६ ग्रॅम पूड आत, ३२ ग्रॅम कॉफी बाहेर, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद. एवढं एकच वाक्य फ्रिजवर लिहून लावा. ५१च्या बास्केटला १४ ते १६ पुरे, वर जागा राहिली पाहिजे.

आता क्लिक. आंबट आणि लवकर भरतोय म्हणजे जाड आहे, दोन क्लिक बारीक करा. पुढचा कप करा. अजून लवकर, अजून दोन. कडू झाला, चाळीस-पन्नास सेकंद लागले, एक क्लिक जाड. एका वेळी फक्त एक गोष्ट बदलायची, हे कितीही वेळखाऊ वाटलं तरी. तुम्ही रागात एकदम दहा-बारा क्लिक फिरवले असतील, मधल्या सगळ्या पायऱ्या राहून गेल्या. वहीत लिहा, वजन, क्लिक, सेकंद, चव. माझ्या वहीची पहिली दोन पानं "आंबट" याच शब्दाने भरलेली आहेत.

चव ओळखायला एक प्रयोग करा, मला यानेच डोक्यात प्रकाश पडला. तीन छोट्या वाट्या घ्या, कॉफी येत असताना पहिली दहा सेकंद एकीत, पुढची दहा दुसरीत, शेवटची तिसरीत. पहिली चाखा, खारट-आंबट आणि मधासारखी दाट. दुसरी गोडसर. तिसरी पातळ आणि कडवट. मग तिन्ही एकत्र करून चाखा. एकदा जिभेला हे तीन भाग वेगळे कळले की कप तोंडाला लावताच सांगता येतं की पाणी पुडीत कमी थांबलं की जास्त.

पूड सारखी पसरली नाही तर सगळं वाया. एका वाइनच्या बुचात चार-पाच ॲक्युपंक्चरच्या सुया, ०.३-०.४ एमएमच्या, खुपसा आणि त्याने बास्केटमधली पूड तळापासून गोल गोल मोकळी करा, गुठळ्या फुटल्या पाहिजेत. नाशिकला बूच मिळायला काय, फक्त खरं बूच असलेली बाटली बघा, बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. मग टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, सपाट, समतल दाबा. किती किलोने दाबायचं याचा विचार करू नका, पूड दबायची थांबली की थांबा, तिरका होऊ देऊ नका एवढंच.

अंबड_मेंटेनन्स:
घुरघुर झालं तेव्हा लगेच हँडल काढलंत का? पाणी आलं नाही म्हणून लगेच काढू नका, आत दाब अडकलेला असतो, हँडल फिरवलं की गरम पूड अंगावर उडते. पंप बंद करा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, मग हळूच.

आणि डेडिकाला पटकन गरम झाल्याचा दिवा लागतो पण हँडल थंडच असतं. रिकामं हँडल लावून एकदा नुसतं गरम पाणी सोडा, कपातच सोडा, कपही तापतो. हँडल थंड असलं की तेवढ्यानेही कॉफी आंबट येते. सेटिंगमध्ये तापमानाच्या तीन पायऱ्या आहेत, आंबट येतंय तोपर्यंत सगळ्यात वरची ठेवा, डार्क बीन्स आले आणि कडू वाटलं तर खाली आणा.

कपभर:
दुधाचं मी सांगते, कारण त्यावर कोणी लिहिलं नाही. गवळ्याचं म्हशीचं दूध तापवून साय काढून वापरत असाल तर चालतं पण फेस जड येतो. पाश्चराइज्ड पिशवीचं गाईचं दूध न तापवता फ्रिजमधून थेट घ्या, जितकं थंड तितका वेळ मिळतो. भांडं अर्ध्याच्या खालीच भरा. आधी मशीनच्या वाफेच्या नळीतलं साचलेलं पाणी फडक्यात सोडून द्या. मग टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवा, तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा चर्र आवाज चार-पाच सेकंद आला पाहिजे, तेवढीच हवा घ्यायची. मग टोक किंचित खाली आणि भांडं तिरकं, दूध गरगर फिरायला लागेल आणि मोठे बुडबुडे त्यातच मोडतील. भांड्याला तळहात लावून ठेवा, हात ठेववेना झालं की बंद, ते साधारण ६० अंश. सत्तरच्या पुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो आणि तापवलेल्या दुधाचा वास येतो. लगेच नळी ओल्या फडक्याने पुसून परत एकदा वाफ सोडायची, वाळलेलं दूध नंतर निघता निघत नाही.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांना कॉफी उकळती लागते, ६० अंशाची त्यांना कोमट वाटते. सासऱ्यांचा कप आधी उकळत्या पाण्याने भरून ठेवा, ओतायच्या क्षणी रिकामा करा. दूध जास्त तापवण्यापेक्षा हे बरं.

पाथर्डी_फाटा:
आज रविवार, आत्ताच ओटा पुसून बसलेय म्हणून लगेच लिहिते. चिकमगळूरचे बीन्स आले, भाजून नऊ दिवस झालेले. काटा सराफ बाजारातूनच आणला. वही केली. पहिल्या दिवशी १६ सेकंद, मग १९, मग २३, आणि काल सकाळी २७ सेकंदात ३२ ग्रॅम. उघड्या हँडलखाली आधी काळे ठिपके आले, मग ते मधोमध जमून एकच धार झाली, उंदराच्या शेपटीसारखी बारीक, खाली पडताना रंग बदलत. मी चमच्याने ढवळायचंही विसरले. बंगळुरूच्या कॅफेची आठवण आली नाही, वेगळीच होती, गुळासारखी काहीतरी आणि शेवटी कोकोसारखी. वाट्यांचा प्रयोगही केला, मुलीने तिसरी वाटी चाखून तोंड वाकडं केलं आणि पहिली परत मागितली!

सासऱ्यांचा कप गरम करून दिला. पूर्ण प्यायले आणि म्हणाले, "आता हात बसला तुझा." नवरा आज चहाला उठला नाही.

दोनच गोष्टी विचारायच्यात. आज सकाळी तेच क्लिक, तेच वजन, तरी २२ सेकंदातच आली. कालपासून पाऊस लागलाय, त्याचा संबंध असेल का? आणि क्षार काढायचं औषध कंपनीचंच घ्यावं लागतं का?

गंगापूररोडवाला:
संबंध असू शकतो. हवेत दमटपणा बदलला की दळण थोडं बदलू शकतं, शिवाय बीन्सही एक दिवसाने जुने झाले. एक क्लिक बारीक करा आणि वहीत तारखेसमोर "पाऊस" लिहा, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. हिवाळ्यात उलट त्रास होतो, हवा कोरडी असली की पूड ग्राइंडरच्या भांड्याला चिकटते, तेव्हा दळायच्या आधी बीन्सवर ओल्या बोटाने पाण्याचे एक-दोन थेंब शिंपडायचे.

अंबड_मेंटेनन्स:
वॉरंटी आहे तोपर्यंत पुस्तिकेत लिहिलंय तेच औषध वापरा, नंतर वाद नको. मशीनवरचा दिवा लागला की लगेच करा, पुढे ढकलू नका, आणि झाल्यावर दोन टाक्या साधं पाणी सोडून द्या. व्हिनेगर घालू नका, रबराच्या रिंगांना वास धरतो आणि आठवडाभर कॉफीत येतो. बोअरचं पाणी सुरू झालं की त्या महिन्यात आरओचं प्रमाण वाढवायला विसरू नका ताई.